जंतू खाणारी भिंत

दौंडच्या पोपटशेठला रंगातलं काहीच कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. ओल धरलेली भिंत न खरवडता वरून कशी दडपायची, हे त्याच्याइतकं कुणाला जमत नसे. अख्खी ठेकेदारी त्यानं त्यावरच केली.

२००६ साली पुण्याच्या एका प्रदर्शनातून त्यानं नवा रंग आणला. उजेड पडला की भिंतीवरचे जंतू मरतात म्हणे. 'ऊन पाहिजे, ट्यूबलाइटचं काम नाही, आणि रोजची धुणीपुसणी सोडायची नाही,' असं विकणाऱ्यानं बजावलं होतं. सोबत जावई रोहन होता, त्यानंही ते ऐकलं. पोपटनं गावात आणलं ते एवढंच : "भिंतच जंतू खाती!"

शिरूरला मारुतराव डॉक्टरांचं बाळंतपणाचं हॉस्पिटल होतं. वॉर्डाच्या खिडक्यांना शेजारच्या गोडाऊनची भिंत भिडलेली, उन्हाचा कवडसा कधी यायचा नाही. पोपटनं तिथं रंगाचे दोन हात मारले. डॉक्टरही असे शहाणे, की त्यांनी लगेच फिनेल बंद करून झाडणाऱ्या रतनबाईला एकाच वेळेपुरतं ठेवलं.

"सायेब, वार्डात वास मारतोय," रतनबाई डॉक्टरांना म्हणाली.

"तुला रंगाचा वास येत आसंल," शेजारी उभा पोपट हसला.

पावसाळ्यात तिथं कोरेगाव भीमाच्या करुणाचं सिझर झालं आणि टाके पिकले. पाठोपाठ आणखी दोघींचे. करुणाची आई रंभा तडक दौंडला पोपटच्या दुकानात गेली. तो खुर्चीवरून उठलासुद्धा नाही.

"तुमची पोरगी घरनंच घाण घिऊन आली आसंल. भिंतीचा काय दोष?"

"भिंत जंतू खाती म्हणत व्हता न्हवं? मग ही घाण का न्हाई खाल्ली तिनं?"

पोपट मोबाइल कानाला लावून उगाच "हॅलो, हॅलो" करत बसला.

त्याच महिन्यात त्याची मुलगी, रोहनची बायको मोनाली बाळंत व्हायची होती. तिला त्यानं पुण्याला नेलं.

"मामा, शिरूरला का न्हाई?" रोहननं विचारलं.

"येडा का खुळा तू? तिथं फिनेलसुद्धा मारत न्हाईत."

रोहननं तोंड उघडलं ते त्यानंतर. विकणाऱ्यानं काय बजावलं होतं ते चारचौघांत सगळं सांगितलं. डॉक्टरांनी गुपचूप फिनेल आणलं, रतनबाईला पुन्हा दोन्ही वेळा बोलावलं. पोपटला कुणी काही केलं नाही. त्यानं पाण्याच्या फिल्टरची एजन्सी घेतली. लग्नकार्यात अजून पहिल्या रांगेत बसतो.

करुणाला कितीतरी दिवस उठताबसता कळ यायची. बाळ वरच्या दुधावर वाढलं.