मामांच्या कलमांना मासळीचं खत

हसणार असाल तर आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. त्या दिवशी मी जेवढा घाबरलो ना, तेवढा बोहल्यावरही नव्हतो घाबरलो!

मामा म्हणजे माझे सासरे. कडक माळकरी. अंड्याचा केक ठेवलेल्या टेबलावर पाणीसुद्धा पीत नाहीत. चंदनसारच्या पुढे, घराच्या वरच्या डोंगरउतारावर त्यांनी आंब्याची कलमं लावलीत. सगळा मुरूम, पाण्याची बोंब. तरी पोटच्या पोरांसारखी जपतात. यंदा गुडघा धरला म्हणून खत घालायचं काम जावयाकडे आलं. "शेणखत आणि निंबोळी पेंड. दुसरं काही नको," असं बजावून सांगितलं.

पण मला डोकं चालवायची खाज! ऑफिसात वसईचा, घरची बागायत असलेला एक जण आहे. तो म्हणाला, "आमच्याकडे मासळीचं खत घालतात. झाड कसं तरारतं!" म्हटलं, यंदा मामांनी चारचौघांत जावयाची पाठ थोपटलीच पाहिजे. खत कसलं, ते त्यांना कोण सांगतंय?

गेलो राजोडीला, समुद्रकाठी. तिथल्या मासळीवाल्या मावशीने मुंडकी-आतडी गोणीत भरून दिली. "खोल पुर हां, नायतर कुत्री उकरतील. वर पानी मार."

मे महिन्याचं ऊन, स्कूटरवर ती गोणी. सिग्नलला लोक नाक दाबून माझ्याकडे बघतायत!

उतारावर खत घालायचं तर झाडाच्या वरच्या अंगाला लांब चर खणावा लागतो, म्हणजे पावसाचं पाणी खत मुळांकडे नेतं. खणला. गोणी सोडणार, तोच मागून आवाज आला, "काय पुरताय?"

शेजारच्या प्लॉटचे नाईककाका. मामांचे जिगरी दोस्त! घाईघाईत अख्खी गोणी चरात लोटली आणि वर माती ओढली. गोणीतून गळलेलं लाल पाणी मात्र चराच्या काठावर तसंच राहिलं.

"काही नाही काका, उंदीर मेलेत."

"एवढी मोठी गोणी?"

"बरेच होते."

"मग तुम्हाला एवढा घाम का फुटलाय?"

"काका, मामांना सांगणार नाही ना?"

आता हे कुणी विचारतं का हो? काका मागे मागे सरकले आणि भराभर उतार उतरून गेले. मला वाटलं, सुटलो!

कसला सुटतोय! थोड्या वेळात खालच्या वाडीतली माणसं काठ्या घेऊन वर. "मुडदा पुरतोय! मुडदा!" त्यांच्यामागे हवालदार. आणि सगळ्यांच्या मागे, दुखरा गुडघा धरून, मामा! माझी नजर त्यांच्या गळ्यातल्या तुळशीमाळेवर गेली आणि मी चरासमोर आडवा उभा राहिलो.

"गोणीत काय आहे?" हवालदारांनी विचारलं.

"साहेब, चौकीत सांगतो. इथे नको!"

"उकरा रे ते."

"उकरू नका! सगळं कबूल आहे मला!"

"काय कबूल आहे?"

"तुम्ही म्हणाल ते!"

बायका किंचाळल्या. मामा मटकन खाली बसले. "जावईबापू," त्यांचा आवाज कापत होता, "कोण होतं हो ते?"

त्यांचा चेहरा बघून मला खरंच वाईट वाटलं. पण त्या माळेसमोर मासळीचं नाव कसं काढणार?

फावड्याचा घाव बसला, गोणी फाटली आणि बांगड्याचं एक मुंडकं उतारावरून घरंगळत थेट मामांच्या पायाशी जाऊन थांबलं.

लोक पोट धरून हसले आणि नाकाला रुमाल लावून पांगले. मामा हसले नाहीत. त्यांनी एकदा मुंडक्याकडे पाहिलं, एकदा कलमाकडे, मग माझ्याकडे. कुणाची तरी राहिलेली काठी उचलली आणि हळूहळू उठले.

खाली हवालदार मोटरसायकलला किक मारत होते. मी धडपडत उतार उतरलो आणि त्यांच्या मागे बसलोच.

"साहेब, आजचा दिवस तरी आत ठेवा की हो!"