झोपेची गोळी

मानेतली गाठ कॅन्सरची निघाली, पण मला गाठीपेक्षा औषधाची भीती जास्त होती. दोन वर्षांपूर्वी साध्या आजारपणात कुठल्याशा औषधानं पोटात असह्य कळा आल्या, हातपाय लुळे पडले, लघवी लाल झाली. पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, पोर्फिरिया, आणि बजावलं की काही औषधं मला विषासारखी आहेत. पुणतांब्याला घरी येऊन पुन्हा चालायला सहा महिने लागले.

आता नगरच्या दवाखान्यात डॉक्टर खाटेपाशी बसून म्हणाले, "बाई, या पोर्फिरियात गाठीवरचं इंजेक्शन तुम्हाला सोसेल की नाही, मला खरंच ठाऊक नाही. पुस्तकातही सापडलं नाही. पण न देऊन चालणार नाही." त्यांच्या खरेपणानं मी आणखीच गारठले. मालक एवढंच म्हणाले, "भिऊ नगं. गोदामाई हाय." आमच्या गावच्या या नदीला मी आई मानत आले, पण गाठ निघाल्यापासून तिच्यावर रुसले होते.

इंजेक्शन दुसऱ्या दिवशी होतं. दुपारी माझा थरकाप पाहून नर्सनं एक गोळी दिली. "घ्या, जरा झोप लागेल." गोळी हातात घेऊन मी डोळे मिटले. आई, मला यातलं काही कळत नाही, तूच बघ, एवढंच मनात आलं. पाण्याचा पेला उचलला, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या आपल्या भावाला भेटायला आलेल्या एक वयस्कर बाई उठून माझ्याजवळ आल्या.

"डॉक्टर सांगत होते तो आजार तुम्हालाच ना? मी नर्स होते. असल्याच एका पेशंटचा झोपेच्या गोळीनं घात झालेला मी पाहिलाय. आधी विचारा."

मी पेला खाली ठेवून डॉक्टरांना बोलवायला सांगितलं. ते धावत आले. गोळी पाहून त्यांचा चेहरा उतरला. "ही तुम्हाला कधीच द्यायची नाही. केसपेपरवर मी मोठ्या अक्षरांत लिहायला हवं होतं. चुकलं माझं." मोठ्या औषधाच्या काळजीत या चिमुकल्या गोळीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

त्यांनी पुण्याला ट्रंककॉल लावून सल्ला घेतला. चार दिवसांनी अगदी थोड्या मात्रेनं इंजेक्शन सुरू झालं, सोबत ग्लुकोजची बाटली. रोज लघवी काचेच्या ग्लासात खिडकीत ठेवायची आणि ती लाल होते का पाहायचं. रंग बदलला नाही. महिन्याभरात गाठ बोटाला लागेनाशी झाली.

त्या बाई भावाला घेऊन गोळीच्या दिवशीच संध्याकाळी निघून गेल्या होत्या. नाव विचारायचं राहिलं. त्यांना कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. रोज सकाळी त्यांच्यासाठी हात जोडते. माझी भीती अजून गेलेली नाही, नवं औषध पाहिलं की आजही अंगावर काटा येतो. पण धीर आल्यावरच देवाला शरण जायचं असतं असं मला वाटायचं. थरथरत गेलं तरी तो जवळ घेतो.