गिळलेली ओळ

काल नगरसेवकाच्या स्टेजवर सुन्या रॅप करत होता. वस्तीच्या नळावरचं तेच गाणं, आमच्या मोर्चात पिंप बडवत रचलेलं. "आमचा नळ कोरडा, साहेबांची बाग हिरवी" ही ओळ आली आणि त्याने माईक खाली घेतला, नुसता हात हलवला. बीट वाजत राहिला. आम्ही ती ओळ याच नगरसेवकाविरुद्धच्या पत्रकांवर छापली होती!

तो खाली उतरल्यावर मी विचारलं, "ओळ गिळलीस?"

"सोड ना भावा, हौस म्हणून करतो आपण."

हौस! यमक हौशी माणसालाही जुळवता येतं. पण ओळ ज्याच्यावर आहे त्याच्यासमोर जो ती म्हणतो, तो रॅपर.

आज सकाळीही नळ कोरडाच. बायका रांगेत रिकामी पिंपं बडवत तीच ओळ म्हणत होत्या. सर्वांत मोठा आवाज सुन्याच्या आईचा होता.