शांतवनकाकांचा वन्स मोअर

शांतवनकाकांच्या घरात मी पहिल्यांदा गेले तेव्हा मिठाच्या बरणीवर ‘मीठ’ अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. त्यात नवल नव्हतं. पण खुर्चीवर ‘खुर्ची’ होतं, अंगणातल्या पेरूच्या बुंध्यावर ‘पेरू’ होतं आणि दाराला आतल्या बाजूने ‘बाहेर’ असं लिहिलेलं होतं. भिंगारला लष्कराच्या डेपोत काकांनी सगळी नोकरी स्टोअरकीपर म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर डेपो सुटला, पण चिठ्ठ्या काही सुटल्या नाहीत. “लेबल न्हाई तर माल न्हाई, मॅडम,” असं ते मला सांगायचे. मी शाळेत शिकवते, म्हणून मी मॅडम. माझ्या छत्रीवरसुद्धा त्यांनी एकदा ‘मॅडमची छत्री’ अशी चिठ्ठी लावून दिली. ती छत्री कधी हरवली नाही, हे कबूल केलं पाहिजे.

काकांच्या बोलण्यात दोन शब्द फार येत. एक ‘कंडम’. डेपोत मोडीत काढायच्या मालाला हा शब्द लावत. काका तो नळापासून पुढाऱ्यांपर्यंत कशालाही लावायचे. दुसरा शब्द ‘बाई’. बाई म्हणजे गायिका विमल सारंगे. भजन, लावणी, अंगाई, कव्वाली, दंतमंजनाची जाहिरात, या बाईंनी काय म्हटलं नाही ते विचारा. काकांच्या तरुणपणी त्यांचा कार्यक्रम भिंगारच्या मैदानावर झाला होता आणि त्याची गोष्ट काकांनी गल्लीत प्रत्येकाला ऐकवली होती. गाणं संपलं, मैदान गप्प झालं, तेवढ्यात काका एकटे उभे राहून ‘वन्स मोअर’ असं ओरडले. बाईंनी त्यांच्याकडे बघून हात जोडले आणि सगळं गाणं पहिल्यापासून परत म्हटलं.

ही गोष्ट काकांनी मुलगी बघायला गेल्यावरही सांगितली होती. ती मुलगी म्हणजे मार्थाकाकू. त्यांना कोल्हारच्या एका मास्तरांचंही स्थळ आलेलं होतं, पण ज्याच्या शब्दावर विमल सारंगे परत गातात तो माणूस मास्तरापेक्षा बरा, असा विचार करून काकूंनी इकडे होकार दिला. पुढे काकांचं काही चुकलं, दूध उतू गेलं, चिठ्ठी भलत्या डब्याला लागली, की काकू म्हणायच्या, “कोल्हारच्या मास्तराला सोडलं मी त्या वन्स मोअरपायी. पुरावा आना आधी.” काका हसण्यावारी न्यायचे, पण त्यांना ते लागायचं. मला ते दिसायचं.

दोन वर्षांपूर्वी नाताळला त्यांच्या मुलाने पुण्याहून एक जाडजूड पेटी पाठवली. विमल सारंगेंच्या पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सगळं, सीड्यांवर. पेटीच्या मागच्या बाजूला छापलेलं होतं की शेवटच्या सीडीवर भिंगारच्या मैदानावरचा कार्यक्रम आहे, जसा झाला तसा. काकांनी ते वाचलं आणि चष्मा पुसून परत वाचलं. काकू लसूण सोलत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “मंग, आला का पुरावा?”

दुसऱ्या दिवशी मला तातडीने बोलावणं आलं. सीडी वाजत नव्हती. मी सीडी बाहेर काढली तर तिच्या चकचकीत बाजूवर चिठ्ठी चिकटवलेली. बाकीच्याही काढून बघितल्या. माल घरात आला त्याच संध्याकाळी काकांनी सगळ्याच्या सगळ्या सीड्यांना लेबलं लावून टाकली होती, आणि तीही नेमक्या वाजणाऱ्या बाजूला. मी डोक्याला हात लावला. वरच्या बाजूला का नाही लावलीत, असं विचारल्यावर काकांनी मला सीडीची वरची बाजू दाखवली. तिथे बाईंचा फोटो होता.

“बाईंच्या तोंडावर चिकटवू व्हय?” ते म्हणाले.

काकू मात्र तोवर शेवटची सीडी सांडशीत धरून गॅस पेटवायला निघाल्या होत्या. नव्या स्टीलच्या पातेल्याचं लेबल तसंच निघतं, मागून जरा शेकायचं. मी धावत जाऊन ती वाचवली. मग आम्ही तिघे जमिनीवर बसून खोबरेल तेल आणि नखं घेऊन बाईंचं आयुष्य खरवडत बसलो. भांड्याच्या साबणाने धुतलेल्या सीड्या काकूंनी भोकातून सुतळी ओवून पेरूला टांगल्या. समोरच्या वहिनींनी येऊन विचारलं, पाखरं हाकलायला का. आमच्या गल्लीत त्या दिवशी एकही पोपट फिरकला नाही, एवढं खरं.

सीड्या वाळल्या, पहिली वाजली. मी म्हटलं, आता सरळ शेवटची लावू या आणि एकदाचा निकाल लागू दे. काकांना ते अजिबात पटलं नाही. डेपोत आधी आलेला माल आधी निघायचा. मधला माल मागे ठेवून नवा काढला तर साहेब जाब विचारायला उभं करायचा. त्यामुळे रोज संध्याकाळी चहानंतर रांगेने सीड्या सुरू झाल्या. गल्लीने भक्तिगीतं ऐकली, मग लावण्या ऐकल्या. लावण्यांच्या आठवड्यात नेमके चर्चचे पाळकसाहेब भेटीला आले आणि काकांनी माल मध्येच थांबवायला नकार दिल्याने त्यांनी बैठकीची लावणी संपेपर्यंत डोळे मिटून घेतले. पाय मात्र ठेका धरत होता. अंगाईच्या सीडीला काका स्वतःच झोपले, तर दुसऱ्या दिवशी ती पहिल्यापासून लावावी लागली.

काकांनाच आता खात्री वाटत नसावी, अशी मला शंका येत होती. सीड्या संपत आल्या तसे काका गप्प होत चालले होते. एकदा मला हळूच म्हणाले, “मॅडम, तवा मैदानात लई गर्दी हुती. माइक कुटं, आमी कुटं. आवाज आलाच नसंल तर?” त्यांना दमही लागायला लागला होता. काकू औषधाची गोळी हातावर ठेवत बजावायच्या, “शेवटल्या सीडीपतोर टिका म्हंजे झालं.”

शेवटची सीडी लागली त्या दिवशी काकूंनी लसूण बाजूला ठेवला होता. कार्यक्रम सुरू झाला, टाळ्या पडल्या, बाईंनी गाणं उचललं. पहिलं कडवं अर्ध्यावर आलं आणि मागून एक दणदणीत आवाज आला. “ओ फेटेवाले, खाली बसा की. मागं काय दिसंना आमाला.”

आवाज काकांचा होता. त्यात संशयच नव्हता. तरुण होता एवढंच. आणि नेमक्या त्याच जागी कुठला तरी डिंक राहिला होता. सीडी अडकली. “खाली बसा की. खाली बसा की. खाली बसा की.”

काकांचा चेहरा मला बघवेना. शेवटी त्यांनीच यंत्रावर टिचकी मारली आणि सीडी पुढे सरकली. साथीची बाजाची पेटी थांबली, मैदान हसलं, आणि बाई स्वतः खळखळून हसत म्हणाल्या, “बसा हो दादा. मागच्या भाऊंसाठी मी परत पहिल्यापासून म्हणते.” आणि त्यांनी म्हटलं.

गाणं संपलं. मग काका खालच्या आवाजात म्हणाले, “मी वन्स मोअर म्हनल्याचंच आठवतंय मला. आईशप्पत.”

काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईतो. “गानं परत झालं ना तुमच्यापायी?” त्या म्हणाल्या. “मंग झालं. कोल्हारच्या मास्तराला हे जमलं नसतं.” त्यानंतर मास्तरांचं नाव त्या घरात मी ऐकलं नाही.

काका गेल्या पावसाळ्यात गेले. दुपारी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेले. मला त्यांची आठवण येते, रोज येते. प्रार्थनासभेनंतर पाहुणे पांगले तेव्हा काकूंनी मुलाला ते गाणं लावायला सांगितलं. त्याने मोबाईलवर शोधून लावलं. तिथे कंपनीने सगळा गोंगाट काढून टाकलेला होता. गाणं सुरू झालं आणि कुठेही न थांबता संपलं. काकू नीट ऐकून म्हणाल्या, “लई स्वच्छ केलंय रं. पन ह्यात हे न्हाईत.”

मग सीडी लावली. ती ठरल्या जागी आली आणि अडकली. मुलगा टिचकी मारायला उठला.

“खाली बसा की,” यंत्रातून काका म्हणाले. “खाली बसा की.”

तो मुकाट्याने खाली बसला.