लवकर वाळणाऱ्या चादरी

सकाळी पाच चाळीसला पहिलं मशीन फिरून थांबलं होतं आणि ती एकेक चादर झटकून टोपलीत टाकत होती. रिसॉर्टमध्ये सगळे तिला वहिनी म्हणतात, कारण रिसॉर्ट चालवणारा तिचा धाकटा दीर तिला वहिनी म्हणतो. नवरा तिथेच नळ, पाइप आणि पंप सांभाळतो. धुलाईखोलीत तिच्या जोडीला नणंद आहे. सासर सोडून आलेली, तोंडाने फटकळ, पण इस्त्रीला तिचा हात धरणारं कुणी नाही.

रिसॉर्ट डोंगरउतारावरच्या वर्षावनात आहे. वहिनी कामाला लागली तेव्हा धुकं दुपारपर्यंत हलत नसे. दोरीवरची चादर तिसऱ्या दिवशीही हाताला दमट लागायची, म्हणून मागे एका खोलीत शेगडी पेटवून कपडे वाळवावे लागत. त्या धुराने तिचा खोकला कायमचा झाला होता. गेल्या काही वर्षांत धुकं विरळ झालं. आता चादरी जेवणाच्या सुट्टीआधी कडक वाळतात. शेगडी बंद झाली, खोकला गेला. हवामान कसं बिघडत चाललंय हे गाइड पाहुण्यांना गंभीर चेहऱ्याने सांगायचा, तेव्हा तिला मनातून थोडं बरं वाटायचं.

मग रिसॉर्टला पाणी पुरवणारा ओढा आटू लागला. पंप पाण्याऐवजी हवा ओढायला लागला आणि दिराने वरच्या डोहातून पाइप आणायचं ठरवलं. त्याच डोहावरचे झाडबेडूक बघायला पाहुणे लांबून येतात.

"पाणी खातं ते तुमचं धुणं, वहिनी," तो म्हणाला होता. "पाहुण्यांना रोज धुतलेला टॉवेल हवा. मी तरी काय करू?"

ती टोपली उचलून चालती झाली. एरवी तिने चार शब्द सुनावले असते.

प्रत्येक खोलीत एक कार्ड आहे: टॉवेल पुन्हा वापरणार असाल तर खुंटीला टांगा. बहुतेक पाहुणे टांगतात. पण मध्यंतरी गिऱ्हाईक रोडावलं आणि नणंदेला कमी करायची भाषा सुरू झाली, तेव्हा वहिनीने खोल्या आवरणाऱ्यांना बजावलं, की खुंटीवरचं असो की जमिनीवरचं, सगळं खाली आणायचं. धुणं दोघींना पुरेल एवढं झालं. दीर मात्र समजत राहिला की पाहुणेच नखरेल आहेत.

त्या सकाळी नवरा पाइपची मापं घ्यायला डोहावर गेला. चादरी दोरीवर टाकून ती त्याचा डबा घेऊन चढली. एरवी ती तिथे फिरकत नसे. बेडूक रात्री झोपू देत नाहीत, एवढीच त्यांची तिला ओळख होती.

नवऱ्याने बोट दाखवलं. पाण्यावर झुकलेल्या पानांना अंड्यांचे चिकट पुंजके लोंबत होते. पिल्लं बाहेर आली की थेट खाली पाण्यात पडतात, हा त्यांचा शिरस्ता. पण डोह काठापासून मागे सरला होता. निम्म्या पानांखाली नुसता खडक होता.

"आणि पाइप टाकल्यावर?" तिने विचारलं.

"उरलेल्या पानांखालीही खडक. मी बोललो धाकट्याशी. म्हणतो, धुणं बंद करू का?"

डबा त्याच्या हातात देऊन ती उतरली ती तडक दिराच्या ऑफिसात. आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

"भाऊजी, पाइप राहू द्या. निम्मं धुणं माझ्यामुळे आहे." आणि तिने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

तो खुर्चीत मागे रेलला. "गेटवर जबाबदार पर्यटनाची पाटी लावलीय मी. तीसुद्धा धुऊन टाकलीत म्हणायची."

"ती कशाला धुऊ? मळायला वापरावी लागते."

तो हसला नाही. "धुणं निम्मं झालं तर दोघी कशाला हव्यात मला?"

"दोघीच राहू. एक दिवस ती, एक दिवस मी."

"पगारही तसाच मिळेल, वहिनी. निम्मा."

"कळतं मला."

नणंदेला हे संध्याकाळी कळलं. "मला विचारायचं तरी होतंस," ती इस्त्री आदळत म्हणाली.

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"मग? नाहीच म्हणाले असते. माझा पगार काय बेडकांच्या नावावर करायचा होता?"

त्यानंतर बरेच दिवस ती वहिनीशी कामापुरतंच बोलली.

खुंटीवरचे टॉवेल आता खुंटीवरच राहतात. कुणी तक्रार केलेली नाही. पाइपची गुंडाळी गोदामात पडून आहे. दुकानात परत गेलेली नाही. पुढचा उन्हाळा बघून ठरवू, असं दीर म्हणतो. डोह आणखी आटलेला नाही, पण मागे सरलेलं पाणी काठाला परतलेलंही नाही.

उद्या मंगळवार. धुलाईखोलीची किल्ली नणंदेकडे असेल.