वास घेणारा

"तोंड उघड. अजून मोठं. आता फुंक."

धंतोलीतल्या एका देवळाच्या मागच्या अंगणात, पाहुण्या बायांच्या देखत, मला हे सांगितलं गेलं. मी उघडलं. माझे दात खराब होते. समोरचा एक मिलच्या गेटवरच्या मारामारीत गेलेला. मी फुंकर मारली तशी समोरच्या बाईंनी मान फिरवली. रुमालाआडून म्हणाल्या, "शी! कोणीतरी बघा हो याचं."

कोणीच पुढे आलं नाही. मी तोंड उघडं ठेवून उभा. मिटावं की नाही, तेही कळेना. बैलबाजारातलं जनावर असंच उभं असतं.

मी रामटेककडच्या खेड्यातला. नागपुरात कापडाच्या मिलमध्ये बदली कामगार होतो. काम सुटलं, खोली सुटली. दारू सुटली नाही. मग सीताबर्डीवर एका दुकानाच्या ओट्यावर झोपायला लागलो. शेजारी दसरू. सायकलरिक्षा ओढायचा, माझ्याहून वयानं बराच मोठा. दोघांत एक ताडपत्री. त्यानंच मला त्या देवळात नेलं.

"चाल ना गा. आरती म्हनाची, गोळी खाची, खिचडी खाची. हाताचं कापनं थांबते."

खरंच थांबायचं. हे मी लपवणार नाही. त्या गोळीनं हात थांबायचा आणि भजनानं छातीतली घालमेल थांबायची. पेटी वाजायला लागली की आमच्यातले फाटक्या गळ्याचे पिदाडेसुद्धा असे गायचे, की रस्त्यावरचे लोक थबकायचे. देवावर माझा राग नव्हता. आजही नाही.

देवळाच्या अंगणातला हा दवाखाना एका ट्रस्टचा. रोज संध्याकाळी भरायचा. फूटपाथवरच्या व्यसनी लोकांसाठी, असं पाटीवर लिहिलेलं. खाट नाही, छप्पर नाही. खिचडी झाली की व्यवस्थापक फाटक ओढत म्हणायचे, "दवा देवाची, रात्र तुमची." आणि आम्ही परत ओट्यावर. दारूच्या भट्टीचा वास येणाऱ्या गल्लीतूनच वाट.

नियम एकच होता. पिऊन आलेल्याला दवा नाही. म्हणून रांगेत आधी वास घ्यायचा, मग आरती.

पण वास घेणार कोण? पुजारी म्हणाले, मला पुन्हा आंघोळ करावी लागेल. कंपाउंडर म्हणाला, माझं काम गोळ्या देण्याचं. रुमालाआडून बोललेल्या त्या बाई सगळा कारभार बघायच्या, श्रीमंत धरमपेठेतल्या. त्यांना सगळे ताईसाहेब म्हणत. त्यांच्याच्यानं तर होतच नव्हतं. त्याच दिवशी, मी तोंड उघडून उभा असताना, त्यांना युक्ती सुचली.

"अहो, हाच घेईल सगळ्यांचा. याला काय, सवयच आहे त्या वासाची."

पाहुण्या बाया हसल्या. रांग हसली.

मीही हसलो.

अपमान विसरता येतो. आपण त्यात हसलो होतो, हे विसरता येत नाही.

मला कापडी बिल्ला मिळाला. 'सेवक'. खिचडीचा एक डाव जास्त मिळायचा. मी पायरीवर उभा राहायचो आणि माझ्यासारखीच माणसं माझ्यासमोर तोंड उघडायची. हमाल, कल्हईवाला, बायकोनं घराबाहेर काढलेला न्हावी. मी नाक जवळ न्यायचो. "येतो" म्हटलं की माणूस बाहेर. हात जोडायचे, गयावया करायचे. माझ्याकडे बघायचे, ताईसाहेबांकडे नाही. सगळा राग माझ्या वाट्याला आणि सगळं पुण्य त्यांच्या. ही व्यवस्था किती सोयीची आहे, ते बघा. मला ती तेव्हा दिसली नाही. मला बिल्ला दिसत होता.

मग दसरू आला.

मालकानं त्याच्याकडून रिक्षा काढून घेतली होती. दुपारी तो भट्टीवर बसला. पण संध्याकाळी आला. त्याला ठाऊक होतं, गोळी चुकली की त्याला झटके येतात. ओट्यावर एकदा आले होते. मी त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं.

त्यानं तोंड उघडलं. नाक जवळ न्यायची गरजच नव्हती.

"येतोय का?" ताईसाहेबांनी विचारलं. अंगणात त्या दिवशीही पाहुणे होते, गळ्यात हार घालून बसलेले.

मी वळून कंपाउंडरकडे बघितलं.

"बोल ना गा," दसरू हळूच म्हणाला. "काहून थांबला? तुह्यी भाकर जाईन बाप्पा माह्या पायी."

त्याचा हात माझ्यासमोर कापत होता. गोळ्यांची बाटली हाताच्या अंतरावर. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. लाजेनंच पडला.

"येतो," मी म्हणालो. "म्हणूनच त्याले गोळी द्या."

"काय?"

"ताप असला म्हणून दवाखान्यातून कोणी हाकलते का, ताईसाहेब? हा पिऊन आला म्हणजे बिमार आहे. बिमारालेच दवा पाहिजे."

"देवाच्या दारात घाण तोंड चालत नाही. नियम म्हणजे नियम." त्यांचा आवाज चढला. "आणि तुझी जीभ फार चालायला लागली. तूच प्यायला असशील. उघड तोंड! अरे ए, तू घे याचा वास. सांग काय येतं."

दसरूला सांगितलं होतं. तो डुलत पुढे आला. माझ्या तोंडाशी नाक आणलं. नीट घेतला वास, वैद्य नाडी बघतो तसा.

"उपाशी मानसाचा वास येते, बाई," तो म्हणाला. "दुसरं काय येईन?"

रांग हसली. या वेळी आमच्यावर नाही.

व्यवस्थापकांनी दोघांनाही दंडाला धरून बाहेर काढलं. बिल्ला मी स्वतःच पायरीवर ठेवला. आत आरती सुरू झाली. कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आधी दसरू रस्त्यावर पडला. झटके. तोंडातून रक्त, जीभ दातांत. रिक्षास्टँडवरच्या एकाची रिक्षा घेतली, त्याला आत कोंबलं. मला रिक्षा नीट चालवताही येत नव्हती. सरकारी दवाखान्यापर्यंत रडत ओढली.

तिथल्या तरुण डॉक्टरनं पहिलं विचारलं, "प्यायलाय? शेवटची कधी घेतली?" मी सांगितलं. त्यानं सुई भरली.

तोच प्रश्न. पण इथे तो औषध देण्यासाठी विचारला होता.

दसरू वाचला. दारूतून सुटला मात्र नाही. जीभ आखडली, बोलणं बोबडं झालं. आता मला बघितलं की रस्ता ओलांडून जातो; 'येतो' शेवटी मीच म्हटलं होतं. मी ज्यांना "येतो" म्हणून बाहेर काढलं, त्यांपैकी कुठे कोण पडलं आणि कोणी उचललं, मला माहीत नाही. मी विचारत फिरलो. कल्हईवाल्याचा पत्ताच लागला नाही.

रिक्षावाल्यांच्या युनियनमध्ये पत्रकं वाटता वाटता मी लिहायला शिकलो. हेही त्यातलंच एक पत्रक समजा. आमची मागणी साधी आहे. दवा आधी. आरती ज्याला म्हणायची त्यानं म्हणावी. कोणाचंही तोंड हुंगलं जाणार नाही. आजारी माणसाला पापी ठरवण्याचा हक्क खिचडी वाटून विकत घेता येत नाही.

माझी स्वतःची खात्री मी देत नाही. मी उद्याही पिईन कदाचित. प्यायलो तर तसाच त्या फाटकाशी येईन, सगळ्यांसमोर, पाय लटपटत असले तरी. गोळी मागेन. हात जोडणार नाही. माफी मागणार नाही. आणि गोळी मिळेपर्यंत तिथून हलणार नाही.