कागदी तोंडाचा मासा

नवरा वारल्यावर मुलगा मला ॲन आर्बरला घेऊन आला. ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी चौथी शिकलेली, मला इंग्रजी येत नव्हतं, पण त्याचा फारसा त्रास झाला नाही. त्रास झाला तो मासळीचा. माझं सगळं आयुष्य खाडीकाठी गेलं. इथे मुलगा दुकानातून आणायचा तो मासा विटेसारखा गोठलेला, डोकं नाही, शेपूट नाही, कातडीसुद्धा नाही. सून पुण्याची, शाकाहारी घरातली. मासे खा, पण शिजवायचे गॅरेजमध्ये, असं तिनं लग्नातच ठरवून घेतलं होतं. गॅरेजात एक विजेची शेगडी ठेवलेली होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माशाला वास येतोच.

तिथला माझा पहिला पितृपक्ष आला. आमच्या घरात मेलेल्या माणसाच्या आवडीचं रांधून पानावर वाढतात आणि कावळ्यासाठी बाहेर ठेवतात. त्याला वाडी म्हणतात. काही घरांत वाडी गोडाधोडाचीच असते. माझ्या नवऱ्याला गोड आवडत नसे. आमटीतलं माशाचं डोकं त्यांना लागायचं, ते चोखत अर्धा तास बसायचे.

"आई, मी फ्रोझन आणतो ना. नाहीतर खीर कर," मुलगा म्हणाला.

"बिनडोक्याचा मासा ठेवू? ते विचारतील, डोकं कुणी खाल्लं?"

तो हसला आणि लॅबमध्ये निघून गेला. मी हसले नाही. म्हाळ दुसऱ्या दिवशी होता, आणि नवऱ्याच्या पहिल्या पानावर मी खीर वाढणार नव्हते.

सुनेनं गाडीची किल्ली उचलली. "चला, मी ड्राइव्ह करते. गावाबाहेर लेक आहे, तिथे लोक फिशिंग करतात. पण मी माशाला हात लावणार नाही, आधीच सांगते."

"तुला कोण लाव म्हणतंय?"

वाटेत लायसन काढलं, दोघींचं. नुसती गळाची काठी हातात धरली तरी लागतं, असं ती म्हणाली. मग तळ्याजवळच्या गळाच्या दुकानात गेलो. दुकानदारीण माझ्याच वयाची, जाडजूड. तिनं सांगितलं की सध्या क्रॅपी नावाचा मासा लागतोय, तळहाताहून थोडा मोठा, आणि त्याला आमिष म्हणून मिनो लावायचे. मिनो म्हणजे बोटाएवढी जिवंत मासळी. आमच्याकडे एवढी मासळी उन्हात वाळवतात, इथे पाण्याच्या बादलीत घालून विकतात.

तिनं गळ दाखवले. तार इतकी बारीक की मी म्हटलं, "ही टाचणी आहे. गळ दाखव म्हणावं."

मी शेजारचा जाड गळ उचलला. खाडीत आम्ही तांबोशी गरवायचो, म्हणजे गळानं धरायचो, तेव्हा असाच असायचा. त्या मासळीचे दात असे की बारीक गळ चावून मोडेल. दुकानदारीण मान हलवू लागली. तिनं स्वतःचा ओठ बोटांत धरून ओढला, मग नाक पुसायचा कागद घेऊन टर्रकन फाडला.

"आई, ती म्हणतेय या माशाचं तोंड कागदासारखं असतं. आणि जाड गळानं मिनो मरतो. जिवंत राहून पोहला तरच क्रॅपी येतो."

"तिला सांग, मी लहानपणापासून गरवतेय."

हे खरं होतं, पण दुसरंही एक कारण होतं. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्या बारीक गळाचं भोक मला दिसतच नव्हतं, तर दोरा कशात ओवणार? ते मी काही बोलले नाही. जाड गळ, काठी आणि मिनो घेऊन निघाले.

तळ्याच्या काठाशी पाण्यात एक झाड आडवं पडलेलं होतं. मासा अशा फांद्यांतच लपतो, तेवढं खाडीत आणि तळ्यात सारखं. मिनो लावून गळ टाकला. मिनो लगेच कुशीवर झाला. तरी थोड्या वेळानं दोऱ्यावर तरंगणारं बूच बुडालं. मी हिसका दिला, आम्ही द्यायचो तसाच. मासा वर आला, चांदीसारखा, काळे ठिपके असलेला, आणि हवेतच सुटला. गळाला ओठाचा पापुद्रा तेवढा राहिला. दुसऱ्या वेळीही तेच झालं. तिसऱ्या वेळी गळ झाडात अडकला. ओढला तर दोराच तुटला.

सून मागे गवतावर बसून बघत होती. दुसरी असती तर बोलून दाखवलं असतं. तिनं पर्स उघडली आणि बारीक गळांचं पाकीट काढलं.

"हे कधी घेतलंस?"

"तुम्ही मिनो बघत होतात तेव्हा. मला माहीत होतं तुम्ही ऐकणार नाही."

"आगाऊ आहेस. दे आता ओवून. मला भोक दिसत नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. "मग दुकानात का नाही बोललात?"

"त्या बाईसमोर?"

तिनं सुईत ओवावा तसा दोरा ओवला, वर पक्की गाठ मारली. मिनो मी लावला, पाठीवरच्या पराच्या खालून, मणक्याला धक्का न लावता. तो पाण्यात गेला आणि खरंच पोहू लागला. माझे हात बरबटले होते म्हणून काठी सुनेकडे दिली आणि हात धुवायला वाकले. तेवढ्यात बूच बुडालं.

"आई! आई, काय करू? धरा ना!"

"ओढू नकोस! नुसती उचल."

मी धरली असती तर हिसकाच दिला असता. हात ऐकत नाही. ती घाबरलेली होती, म्हणून तिनं काठी हळूहळू उचलली, भरलेली घागर उचलावी तशी. मासा काठावर आला, अख्खा.

"मला पाप लागलं," ती म्हणाली.

"अर्धं माझ्याकडे दे. चल, पुढचा गळ ओव."

पुढे मलाही जमलं. एकदा गळ परत झाडात अडकला, पण ओढल्यावर बारीक तार सरळ होऊन सुटली. मी ती बोटांनी पुन्हा वाकवली. जाड गळानं हे झालं नसतं. ती दुकानदारीण बरोबर बोलली होती.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात मी माशाची आमटी केली, डोक्यासकट. कोकम गावचं होतं. केळीचं पान कुठून आणणार? कागदी ताट घेतलं आणि मागच्या कठड्यावर ठेवलं. कावळे तिथेही असतात, अंगानं मोठे. सून स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. मी आत बसून राहिले. मला बघत उभं राहायचं नव्हतं.

"आई, आला! शिवला! डोकंच घेऊन गेला!"

मुलगा जेवायला घरी आला होता. वाडी ठेवायच्या आधी चव घ्यायची नसते, म्हणून मीठ अंदाजानंच घातलेलं. आम्ही मायलेक गॅरेजात जेवायला बसलो. सून दारात उभी राहिली.

"बाबांना आवडलं असेल ना?" तिनं विचारलं.

मी एक घास खाल्ला.

"मीठ कमी पडलंय," मी म्हटलं. "ते बोलले असते."